दुसरं यंत्र कोणतं? मुद्रितशोधनाच्या टेबलावरच्या नोंदी

८ मे २०२४, बुधवार

काल ॲपलचा नवा आयपॅड प्रो आला आणि सहा महिने ‘बघू, बघू’ म्हणून ढकललेला विषय आज उघडून बसले. मुद्रितशोधनासाठी दुसरं यंत्र घ्यायचं आहे. पहिलं म्हणजे चार वर्षं वापरातला १४ इंची लॅपटॉप. तो ठणठणीत आहे, पण त्याच्यावर प्रुफं वाचून माझी मान कामातून गेली. सध्या प्रुफं छापून कागदावर तपासते आणि मग त्याच दुरुस्त्या पुन्हा लॅपटॉपवर टिपते. एकाच कामाची दोनदा हजेरी.

नव्या १३ इंची मॉडेलची जाडी ५.१ मिलिमीटर, वजन ५७९ ग्रॅम. २०१० सालचा पहिला आयपॅड ९.७ इंची होता आणि ६८० ग्रॅम भरायचा. पडदा एवढा वाढून वजन शंभर ग्रॅमने उतरलं, याचं कौतुक आहेच. पडद्यात ओलेडचे, म्हणजे स्वतःच उजळणाऱ्या बिंदूंचे, दोन थर एकावर एक बसवलेत, त्यामुळे तो साध्या ओलेडपेक्षा बराच प्रखर होतो. आत एम४ चिप, जी आज ॲपलच्या एकाही लॅपटॉपमध्ये नाही.

माझ्या पीडीएफला एम४ कशाला हवी, हा प्रश्न आजच लिहून ठेवते. नंतर हौसेच्या भरात तो आठवायचा नाही.

११ मे, शनिवार

आज पुठ्ठ्याचा दिवस. पडद्याचं माप सगळे कर्णात सांगतात आणि कर्णावरून पान केवढं दिसेल याचा काहीच अंदाज येत नाही. म्हणून हिशेब करून एकेका पडद्याच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि प्रुफाच्या पानाशेजारी मांडला.

१३ इंची आयपॅड प्रोवर २७५२ × २०६४ बिंदू, इंचाला २६४. उभा धरला तर उंची साधारण २६५ मिलिमीटर, रुंदी १९८. ए४ कागद २९७ × २१०. इथे उंची आधी संपते, पान ८९ टक्के मापात दिसतं. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रोही १३ इंचीच, पण त्याचा पडदा ३:२, म्हणजे जरा उंच आणि अरुंद. तिथे रुंदी आधी संपते: ८७ टक्के. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब एस९ प्लस १२.४ इंची, १६:१०. आकड्यात आयपॅडपेक्षा अर्ध्या इंचानेच कमी, पण ए४ जेमतेम ८० टक्के. सिनेमासाठी बेतलेला पडदा उभा केला की पानाच्या वर-खाली नुसत्या काळ्या पट्ट्या. एस९ अल्ट्रा १४.६ इंची आहे, त्यावर पान ९३ टक्क्यांपर्यंत जातं; पण वजन ७३२ ग्रॅम. त्याचा पुठ्ठासुद्धा हातात पाटी धरल्यासारखा वाटला.

अर्धा तास हे सगळं केल्यावर लक्षात आलं की मी ए४ धरून बसले आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातली आठ पुस्तकं डेमी असतात! डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, १४० × २१६ मिलिमीटर. ११ इंची आयपॅड प्रोचा पुठ्ठा २३३ × १६० निघाला. डेमी पान त्यावर पूर्ण मापात बसून वर-खाली जागा उरते. ११ इंची टॅब एस९ चा २३७ × १४८, तिथेही बसतं, दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर ठेवून. म्हणजे १३ इंचांचा आग्रह माझ्या कामातून आलेलाच नव्हता, तो जाहिरातीतून आला होता.

एक अट मात्र आहे. पीडीएफ कापखुणांसकट, म्हणजे छापल्यावर पान कुठे कापायचं त्या खुणांसकट, आली तर खुणांबाहेरचा पांढरा कागदही पानात धरला जातो आणि मजकूर आकसतो. वाचायची प्रत कापखुणांशिवाय मागवायची.

शेवटी माझा लॅपटॉप मोजला. १६:९ पडदा, उंची १७४ मिलिमीटर. त्यातून वरची पट्टी, खालची पट्टी आणि पीडीएफची साधनं वजा केली की उरतात १४५ च्या आसपास. अख्खं डेमी पान दोन-तृतीयांश मापात. पहिली वेलांटी की दुसरी, हे ओळखायला मान पुढे जाते ती इथे. एवढं साधं गणित चार वर्षांत केलं नव्हतं.

१५ मे, बुधवार

प्रत्यक्ष वापरून बघायची यंत्रं मागून आणणार आहे. वहीत त्यांची नावं लिहिणार नाही, अक्षरं लिहीन. नाव लिहिलं की मत आधीच तयार होतं. अ म्हणजे मोठा, १३ इंचांच्या घरातला टॅबलेट, चित्रकार मैत्रिणीचा. ब म्हणजे ११ इंची, मधल्या दर्जाचा, एक पिढी जुना. क म्हणजे ई-इंकचं, कागदासारख्या पडद्याचं यंत्र. ड म्हणजे माझा लॅपटॉप.

परीक्षा सगळ्यांना एकच: एकेक फर्मा, म्हणजे १६ पानं, सलग वाचायची. पुस्तकाची पानं लावणाऱ्या ऑपरेटरदादांनी प्रत्येक फर्म्यात २५ चुका पेरून द्यायचं कबूल केलं आहे. “मुद्दाम कशाला, ताई? तशाच सापडतील,” असंही म्हणाले.

१९ मे, रविवार

अ. पहिली दहा मिनिटं नुसती पडद्याकडे बघण्यात गेली. अक्षराच्या कडा अशा की रफार, अनुस्वार, चंद्रकोर यांत घोटाळा व्हायला जागाच नाही. कागदापेक्षा स्वच्छ दिसतं, हे मान्य.

विसाव्या मिनिटाला डावं मनगट बोलायला लागलं. टेबलावर ठेवला तर मान पुन्हा खाली. उशीवर टेकवला तेव्हा जमलं, पण मग पेन टेकवताना तो डुलतो. चित्रकार मैत्रीण तो तिरप्या लाकडी फळीवर ठेवते आणि हात लांब फिरवते. तिच्या कामाला तो बरोबर आहे. मी एका हातात प्रुफं आणि दुसऱ्या हातात पेन अशा सवयीची.

२१ मे, मंगळवार

काल नव्या सरफेस प्रोची घोषणा झाली. १८ जूनपासून मिळणार. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन एक्स चिप, कमीत कमी १६ जीबी मेमरी, वजन ८९५ ग्रॅम, कीबोर्ड वेगळा घ्यायचा. मागे स्वतःची टेकू-पट्टी आहे, ही त्या मालिकेची पहिल्यापासूनची खरी कमाई. आणि आत पुरतं विंडोज. एकाच यंत्रात दोन्ही कामं उरकतील म्हणून आज सकाळपर्यंत माझा कल तिकडेच होता.

दुपारी डाँगल आठवलं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं माझं सॉफ्टवेअर यूएसबीला डाँगल लावल्याशिवाय उघडत नाही. नव्या चिपची घडण आर्म पद्धतीची आहे. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम प्रिझम नावाचा दुभाष्या चालवून घेतो. दुभाष्याची ही मदत प्रोग्रॅमपुरती. ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र आर्मसाठीच बनवलेला लागतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या डाँगलचा नवा ड्रायव्हर आता कोण लिहिणार? जुने स्कॅनर, जुने प्रिंटर यांचीही तीच गत. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये आणि ऑफिसमध्ये होतं त्यांना हा अडथळा जाणवणारही नाही. मला दर महिन्याला दोनदा जाणवेल.

सरफेस बाद. आणि लॅपटॉप राहणार, हेही आजच ठरलं. आता प्रश्न ‘टॅबलेट की लॅपटॉप’ हा नाही. लॅपटॉपच्या जोडीला कोण, एवढाच.

२५ मे, शनिवार

ब, आणि पेन. गेल्या रविवारी अ वर १२० हर्ट्झ होते, इथे ६०. म्हणजे तिथे चित्र दर ८.३ मिलिसेकंदाला बदलतं, इथे दर १६.७ ला. मैत्रिणीने बजावलं होतं, ‘साठवर रेघ पेनाच्या मागे रांगते.’ बरोबर आहे. पानभर तिरपी रेघ ओढली तर शाईचं टोक निबाच्या मागे स्पष्ट दिसतं. पण तिची रेघ वीतभर, माझी खूण सेंटिमीटरभर. काना छाटायचा, अनुस्वारावर गोल करायचा, समासात दोन अक्षरं लिहायची. तेवढ्यात निब आणि शाईतलं अंतर जाणवायच्या आत हात उचललेला असतो. दोन फर्मे वाचले, एकदाही अडलं नाही. आयपॅड एअर ६० हर्ट्झचाच आहे, म्हणून मी त्यावर आधीच फुली मारली होती. ती फुली मागे घेते.

पेनाच्या दोन जाती आहेत, हे आज नीट समजून घेतलं. ॲपलच्या पेन्सिलीत स्वतःची बॅटरी असते. दुसऱ्या पिढीची आणि प्रो पेन्सिल यंत्राच्या कडेला चुंबकाने चिकटून चार्ज होते. सॅमसंगचं एस पेन वॅकॉम कंपनीच्या तंत्रावर लिहितं: पडद्याखालचा थर विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करतो, पेनातलं वेटोळं त्याला प्रतिसाद देतं, त्यामुळे लिहायला पेनात बॅटरी लागतच नाही. शिवाय ते खोक्यातच येतं. ऐन कामात पेन मरू नये, ही माझी जुनी भीती. बॉलपेनच्या काळातली आहे आणि तशीच आहे.

२९ मे, बुधवार

क. मनात हाच जिंकावा असं होतं. या प्रकारातलं रिमार्केबल २ हे यंत्र १०.३ इंची आहे, वजन ४०३ ग्रॅम, आणि हिशेबाने डेमी पान त्यावर ९७ टक्के मापात बसतं. पडद्यातल्या सूक्ष्म कुप्यांत काळे-पांढरे कण वर-खाली होतात, मागून दिवा नाही, डोळ्यांना खरोखर कागद वाटतो. माझ्याकडे आलेला क त्याच घराण्यातला, दुसऱ्या कोणाचा तरी.

दीड तास अतिशय सुखाचा गेला. मग पाच पानं मागे जाऊन ‘वहिनी’ आधी कसं लिहिलंय ते बघायचं होतं. पान उलटायला क्षणभर, मग पुन्हा क्षणभर, मागच्या पानाची पुसट सावली, पुन्हा क्षणभर. वाचकाला हे चालतं. मुद्रितशोधक सतत मागे-पुढे जात असतो. फर्म्याला चाळीस वेळा तरी. तिथे जीव मेटाकुटीला आला. शिवाय लाल शाई राखाडी दिसते. कादंबरी वाचायला असं यंत्र पुढेमागे घेईन. प्रुफांना नाही.

३ जून, सोमवार

आजवरच्या सगळ्या नोंदींपेक्षा आजची महत्त्वाची.

ब वर तपासलेला फर्मा घेऊन ऑपरेटरदादांकडे गेले. पेनाने केलेल्या सुरेख लाल खुणा, समासात बाण, सगळं कागदासारखं. त्यांनी फाइल उघडली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “ताई, हे सगळं माझ्यासाठी चित्र आहे.”

मग दाखवलं. पीडीएफमध्ये टिप्पणीचे प्रकार ठरलेले असतात: खोडलेला मजकूर, घातलेला मजकूर, बदललेला मजकूर, चिकटचिठ्ठी, आणि शाईची रेघ. पहिले सगळे प्रकार म्हणजे मजकूर. २०१८ च्या अखेरीपासून इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, पीडीएफवरच्या टिप्पण्या थेट आणता येतात. यादी शेजारी उघडते, एकेकीवर टिचकी मारली की मांडणीत ती जागा समोर, ‘स्वीकारा’ म्हटलं की दुरुस्ती बसली. शाईची रेघ कितीही सुवाच्य असली तरी त्यांना डोळ्यांनी वाचून हाताने टाईप करावी लागते. आणि इनडिझाइन टॅबलेटवर चालत नाही, ते लॅपटॉपवर किंवा डेस्कटॉपवरच. म्हणजे माझं यंत्र कितीही भारी असलं तरी काम शेवटी त्यांच्या टेबलावर जाणार.

परत येताना विचार करत होते. पेन माझा वेळ वाचवतं आणि त्यांचा खातं. टाईप केलेली टिप्पणी बरोबर उलट. जाहिरातीत आणि परीक्षणांत पेनाचा दाब, झुकाव, वेग सगळं मोजतात. पलीकडचा माणूस ती रेघ कशी उघडणार, हे कोणी मोजत नाही.

तोडगा असा निघाला: नुसतं काढायचं असेल, जागा सोडायची-जोडायची असेल तर पेन. एक अक्षरही नवं घालायचं असेल तर टाईप केलेली टिप्पणी. दादांना पसंत आहे. मला अजून नाही, पण सवय करते.

११ जून, मंगळवार

काल ॲपलने आयपॅडओएस १८ जाहीर केलं. त्यात आयपॅडला पहिल्यांदाच स्वतःचा कॅल्क्युलेटर मिळाला आहे. चौदा वर्षांनी. आज दिवसभर याच विषयावर हसतोय.

१६ जून, रविवार

तोडग्यामुळे आता टायपिंग तपासणं आलं. पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की जवळजवळ अर्धं पान झाकलं जातं, म्हणजे ज्या ओळीवर टिप्पणी लिहायची तीच नेमकी खाली. बाहेरचा ब्लूटूथ कीबोर्ड हवाच.

मी इन्स्क्रिप्टवाली. डाव्या हाताला स्वर-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. १९८६ पासून हीच मांडणी, बोटं आपोआप जातात. यंत्र बदललं तरी ती बदलत नाही हा तिचा मोठा फायदा. चाचणीचे शब्द नेहमीचे: ऱ्हस्व, वाऱ्यावर, दुःख, वाङ्मय, ॲसिड. पहिले चार दोन्ही टॅबलेटांवर बिनतक्रार. पाचव्याला एकीकडे ॲ ची कळच सापडेना, म्हणून अ काढून त्यावर चंद्रकोर दिली. दिसायला हुबेहूब. पण ॲ हे २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, आणि ‘अ अधिक चंद्रकोर’ ही दोन अक्षरं. डोळ्यांना एकच, शोधायला गेलं की दोन वेगळे शब्द. असा एक ॲसिड पुस्तकात शिरला की शोधा-बदला करताना तोच नेमका मागे राहतो. कीबोर्डची मांडणी दुसरी निवडल्यावर ॲ मिळाला. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२२ जून, शनिवार

वजनकाटा. अ + त्याचं कीबोर्डवालं झाकण: १ किलो २६० ग्रॅम. एम३ चा १३ इंची मॅकबुक एअर, म्हणजे ॲपलचा लॅपटॉप, १ किलो २४० ग्रॅम आहे, त्यात बॅटरी ५२.६ वॉट-तासांची आणि मांडीवर ठेवला तर पडत नाही. टॅबलेटला लॅपटॉप बनवायला निघालं की लॅपटॉपचं वजन येतं, लॅपटॉप येत नाही.

ब + सुटा ब्लूटूथ कीबोर्ड: ७०० च्या आत. कीबोर्ड टेबलावर राहतो, टॅबलेट हातात.

३० जून, रविवार

फर्म्यांचा निकाल. २५ पैकी निसटलेल्या चुका: कागदावर २, अ वर ३, ब वर ३, क वर ४, लॅपटॉपवर ८. प्रत्येक फर्मा वेगळा, माझा दिवसही वेगळा, त्यामुळे २, ३ आणि ४ यांत फरक करण्यात अर्थ नाही. पण आठ म्हणजे आठ. त्यातल्या पाच वेलांटीच्या होत्या.

निर्णय: ब च्या जातीचा. ११ इंची, ६० हर्ट्झ, मागच्या पिढीची चिप, पेन, कीबोर्डचं झाकण नाही. नव्या आयपॅड प्रोचा पडदा मनात राहील. ८ मेच्या प्रश्नाचं उत्तर: पीडीएफला एम४ लागत नाही. अ आणि ब वर एकच फाइल उघडली, पानं तितक्याच चपळाईने उलटली. जिला पन्नास थरांचं चित्र रंगवायचं असेल किंवा व्हिडिओ जोडायचे असतील, तिने हे गणित स्वतःचं करावं. त्यातही एक बारकी मेख: नव्या प्रोमध्ये १६ जीबी मेमरी हवी असेल तर एक टीबी किंवा त्याहून मोठं साठवण घ्यावं लागतं, खालच्या मॉडेलांत आठच.

८ जुलै, सोमवार

यंत्र आलं. पहिलं खरं काम: कथासंग्रह, फर्मा पहिला आणि दुसरा. संध्याकाळी फाइल पाठवली. पाचच मिनिटांत दादांचा फोन, “यादीत टिप्पण्या शून्य.”

पडद्यावर तर सगळ्या दिसत होत्या. तासाभराने उलगडलं. टिप्पण्यांच्या ॲपमध्ये ‘पाठवा’ म्हटलं की दोन पर्याय येतात आणि आधीपासून निवडलेला पर्याय टिप्पण्या पानात कायमच्या मिसळून टाकतो. माझी चिकाटीने टाईप केलेली यादी चित्र होऊन पोचली होती. दुसरा पर्याय निवडून पुन्हा पाठवली. आता मिळाल्या: १४३.

१२ जुलै, शुक्रवार

दोन्ही फर्मे दुरुस्त होऊन आले. दादा म्हणाले, कागदापेक्षा लवकर झालं, फक्त पान २३ वरची एक खूण कळली नाही. “उलट्या उकारासारखं काहीतरी आहे. सगळीकडे शोधलं, कुठे बसवू?”

मलाही कळेना. मूळ फाइल उघडून मोठं करून बघितलं. माझ्या करंगळीची कड टेकून उमटलेली रेघ होती. बोटाने लिहिण्याची सोय बंद केली. तिसरा फर्मा उद्या सकाळी.